आगोटीचा आठवडा

(दृश्य: पहाट. वेसाव्याची, म्हणजे मुंबईतल्या वर्सोव्याची खाडी. काठावर ओढलेली होडी, डोलकाठीवर उन्हानं विटलेलं लाल निशाण. हलत नाही.)

हे निशाण बघत राहा. माणसं येतील, जातील, कुरडया भिजतील, पण या फिल्ममधलं मुख्य पात्र हेच आहे.

1 जून ते 7 जून. मुंबईत या सात दिवसांना उन्हाळा म्हणावं तर छत्री सोबत ठेवावी लागते, आणि पावसाळा म्हणावं तर ती उघडायची वेळ येत नाही. कोळीवाड्यात, आगरी गावांत, तिकडे वसईत या दिवसांसाठी एक नेमका शब्द आहे. आगोट. पाऊस तोंडावर आला ती वेळ म्हणजे आगोट, आणि त्या वेळेला घरात जी बेगमी करून ठेवायची, तीही आगोटच.

एक आधीच सांगून टाकते. तुम्ही बघणार आहात तो आठवडा कुठल्याही एका वर्षाचा नाही. 2020 पासून दर जूनच्या पहिल्या सात दिवसांत मी याच गच्चीवर आणि याच बंदरावर कॅमेरा लावत आले. नंतर तारखेला तारीख जोडली. म्हणून एकाच दुपारी आईचे केस काळेही दिसतील आणि पांढरेही. चूक नाही ती.

(दृश्य: 1 जून. होडी वर ओढताना माणसं. दोर, आरडाओरडा.)

आजपासून 31 जुलैपर्यंत, 61 दिवस, यंत्रावर चालणाऱ्या नौकांना मासेमारी बंद. हा माशांच्या विणीचा काळ, आणि दर्याही खवळलेला. कायद्याची तारीख आज असली तरी वेसाव्यातल्या बऱ्याच होड्या त्याआधीच काठाला लागलेल्या असतात. तारखेची वाट बघत शेवटपर्यंत बाहेर राहायचं की हवा बघून आधीच परतायचं, हा ज्याचा त्याचा हिशेब.

होडी वर काढणं हे अजूनही गर्दीचं काम आहे. क्रेन आली तरी दोर धरायला माणसं लागतात, आणि ओरडायला त्याहून जास्त. मग इंजिन उतरवायचं, जाळी सुकवून उचलून ठेवायची, बांबूचा सांगाडा उभारायचा आणि वरून सगळं झाकून टाकायचं. याला म्हणतात होडी शाकारणं. पूर्वी वर नारळाचे झाप असायचे. आता निळी ताडपत्री असते, पण शब्द झापांच्या काळातलाच राहिलाय. शाकारलेल्या होडीच्या पोटात सावलीची एक खोली तयार होते. पोरं तिथं पत्ते कुटत बसतात. या आठवड्यात गावातली सगळ्यात गार जागा तीच. मीही तिथं बसून बरेच डबे खाल्लेत.

मागे दिसतात त्या वलांड्या. सुक्या बोंबलांच्या. महिन्याभरापूर्वी इथं बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगलेले होते. आता नुसते बांबू आणि त्यावर कावळे.

निशाण बघा. सकाळचे अकरा वाजले आणि ते उठलं. टोक जमिनीकडे, म्हणजे वारा समुद्रावरून. शाळेत आपण पाठ केलं होतं ना, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. जमीन लवकर तापते, लवकर निवते, समुद्र सावकाश. त्या पाठातलं सगळं चित्र या एका फडक्यात आहे. दिवसा ते जमिनीकडे वळतं. रात्री पडून राहतं, आणि पहाटे कधीतरी, मतलई सुटलाच तर, समुद्राकडे तोंड करतं. या सात दिवसांत ते हळूहळू ही सवय सोडणार आहे.

(दृश्य: 2 जून. गच्ची. जुन्या साडीवर कुरडयांच्या रांगा.)

तापमापक म्हणतो 34. अंगाला ते पटत नाही.

मुंबईच्या उष्णतेचा विक्रम शोधायला गेलात तर तो मे-जूनमध्ये सापडणार नाही. सांताक्रूझला 42.2 अंशांची नोंद झाली ती 14 एप्रिल 1952 रोजी. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा जोर धरतो, समुद्रावरच्या वाऱ्याला दुपारपर्यंत आत येऊ देत नाही, आणि पारा चढतो. जूनच्या तोंडावर समुद्राचा वारा सकाळीच हजर होतो, म्हणून पारा 33–34 वर अडतो. पण तोच वारा वाफ घेऊन येतो. घाम येतो आणि वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग निवणार कसं? रात्रीही पारा 28च्या खाली उतरायला तयार नसतो. आमच्या इमारतीत या आठवड्यात सगळे एकच शब्द बोलतात. गदमदतंय. लिफ्टमध्ये, जिन्यात, दूधवाल्याशी.

आईचा मात्र या उकाड्यावर पूर्ण विश्वास होता. एका वर्षी गहू भिजत घालायला तिला उशीर झाला होता. कुरडया म्हणजे तीन दिवस गहू भिजवा, वाटा, चीक काढा, शिजवा, गरम असतानाच सोऱ्यात भरून पाडा. शहाणी माणसं हे एप्रिलमध्ये उरकतात. शेजारच्या काकूंनी तसं ऐकवलंही. आई म्हणाली, "आभाळ कसं लख्ख आहे, बघा की."

लख्ख होतं. पश्चिमेकडे. आम्ही दोघी समुद्राकडे बघत होतो, कारण पाऊस समुद्राकडून येतो असं मुंबईच्या माणसाला जन्मापासून वाटत आलेलं असतं.

(दृश्य: कॅमेरा सावकाश पूर्वेकडे वळतो. राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांमागे काळा ढग. दुपारचे चार.)

वळीव समुद्राकडून येत नाही. तो पाठीमागून येतो. आपल्यावरून सकाळी गेलेली दमट हवा दुपारपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी पोचते, तिथे डोंगराला धडकून वर चढते, आणि मुरबाड, कर्जत, बदलापूरच्या डोक्यावर ढगांचे बुरूज उभे राहतात. वरच्या थरातला वारा अजून पूर्वेचा असतो. तो हे बुरूज पुन्हा आपल्याकडे ढकलतो. आपलीच वाफ विजांसकट परत येते. म्हणून पहिली बातमी नेहमी डोंबिवलीच्या मावशीकडून येते, मग ठाण्याच्या मामाकडून, मग भांडुपहून. हल्ली सगळे फोनवर रडारचं चित्र उघडून बसतात. कुलाब्याला एक डॉप्लर रडार आहे, अंधेरी पूर्वेला वेरावलीला दुसरं. पण आमच्या घरात अजूनही मावशीचा फोन रडारच्या आधी येतो.

त्या दिवशी मावशीचा फोन आला तेव्हा आई झोपली होती.

(इथे निवेदन नाही. गच्चीवरचा आवाज फक्त. वारा, पत्रा, धावणारी पावलं, आईचं ओरडणं. तीस सेकंद.)

स्वयंपाकघराची खिडकी आमची पूर्वेला. पाऊस तिथून आत आला आणि ओट्यावरचं पिठाचं पातेलं भरून गेला. अर्ध्या कुरडया वाचल्या. उरलेल्यांचा पुन्हा चीक झाला होता. मातीचा वास आला का, असं मला लोक विचारतात. आमच्या गल्लीत माती फारशी उरलेली नाही. आला तो धुळीचा, गटाराचा आणि सुक्या मासळीचा वास. मला तो आवडतो, पण तो अत्तराच्या बाटलीत कुणी भरणार नाही.

वीस मिनिटांत ऊन पडलं. आधीपेक्षा जास्त उकडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात मुंबईच्या पावसाचा आकडा शोधला तर नगण्य. यात कुणाची चूक नसते. मुंबईचा पाऊस प्रामुख्याने ज्या दोन ठिकाणांच्या नावानं सांगितला जातो, ती म्हणजे कुलाबा आणि सांताक्रूझ. वळवाचा ढग एका उपनगरावर ओततो आणि शेजारच्याला कोरडं ठेवतो. ऐन पावसाळ्यातही हे होतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलीमीटर पडला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला 75 मिलीमीटरही नाही. तेव्हा आईच्या कुरडयांवर पडलेला पाऊस सरकारी वहीत नाही, एवढंच.

(दृश्य: 3 जून 2020. चित्रण खिडकीच्या गजांमधून. रस्ता निर्मनुष्य.)

लॉकडाऊन होता. बंदरावर जायची सोय नव्हती, म्हणून हे सगळं खिडकीतून. अरबी समुद्रात निसर्ग नावाचं चक्रीवादळ होतं आणि ते आपल्याकडेच निघालं होतं. एरवी या आठवड्यात बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा बावटा कितवा, तीन नंबरचा लागला का, यावर माणसं बोलतात. त्या दिवशी बोलायलाही कुणी घराबाहेर नव्हतं. दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं. आमच्याकडे वारा, आडवा पाऊस, दोन झाडं. संध्याकाळी बातम्यांत मुंबईवरचं संकट टळल्याचं सांगत होते. टळलं कसलं, शंभरेक किलोमीटर खाली सरकलं होतं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळीची बाग पुन्हा हाताशी यायला किती वर्षं जातात, ते बागवाल्याला विचारावं. आमच्या इमारतीतल्या दोन घरांचं गाव तिकडचं. त्यांचे फोन दोन-दोन दिवस लागत नव्हते.

पुढच्याच वर्षी, 17 मे 2021 ला, तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूनं वर गुजरातकडे गेलं. कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 114 किलोमीटरपर्यंत नोंदला गेला. त्यानंतर वेसाव्यात हवेचा अंदाज ऐकताना कुणी हसत नाही.

(दृश्य: 4 जून.)

4 जूनला माझ्याकडे जवळजवळ काहीच नाही. सहाही वर्षं मळभ. एक दृश्य तेवढं आहे. आमच्या पार्किंगमध्ये स्कूटरखाली बसलेला नवरंग. पाठ हिरवी, पोट पिवळसर, शेपटीखाली लाल, डोळ्यावर काळी पट्टी, शेपूट जवळपास नाहीच. दक्षिणेकडून हे पक्षी याच दिवसांत विणीसाठी येतात आणि राष्ट्रीय उद्यानाच्या झाडीत शिरतात. एखादा दमून असा मध्येच इमारतीत उतरतो. वॉचमननं त्याच्यावर करंडी झाकून ठेवली, मांजरापासून वाचवायला. अंधार पडल्यावर उचलली तर तो चालत चालत कुंपणाकडे गेला. उडाला नाही. चालत गेला.

(दृश्य: 5 जून. बाजार. सुक्या मासळीच्या टोपल्या.)

आता खरी आगोट. सुके बोंबील, जवळा, करंदी, वाकट्या. सोडे वेगळे, मोजून घ्यायचे, सोन्यासारखे. मासळीवाल्या मावशीकडे भाव विचारला की ती आधी बोंबील मोडून दाखवते. कट्टकन मोडला तर वाळलाय. वाकला तर पावसाळ्यात बुरशी धरणार. घरी आणून पुन्हा एक ऊन द्यायचं, मिळालं तर, आणि पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवायचं. लसणाच्या माळा, कांदे, आमसुलं, चिंच. लालबागच्या मिरची गल्लीतल्या डंकांवर मसाला कुटून घ्यायची धांदल खरं तर मेमध्येच संपते, पण आमच्यासारखे मागे राहिलेले शिंकत शिंकत रांगेत असतातच. हापूस संपलेला. पायरी आहे, पण पाऊस लागलेला आंबा आई घेत नाही. कापून बघ म्हटलं तरी घेत नाही.

परतताना रिक्षा नाल्यापाशी अडकते, कारण नाल्यातून काढलेला गाळ काठावरच पडलाय आणि सकाळच्या सरीनं तो निम्मा परत नाल्यात गेलाय. हे दृश्य माझ्याकडे चार वर्षांचं आहे. कुठलं कुठल्या वर्षाचं, ते मलाही ओळखू येत नाही.

आणि घरी नळाला पाणी कमी. 2024 मध्ये 30 मेपासून 5 टक्के आणि याच 5 जूनपासून 10 टक्के पाणीकपात होती. पाहुण्यांना हे समजावून सांगणं अवघड जातं. बाहेर पाऊस पडतोय, गटार भरून वाहतंय, आणि तुम्ही पिंपं भरून ठेवताय? मुंबईला पाणी देणारे तलाव सात. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. यातले शेवटचे दोनच मुंबईत आहेत आणि ते लहान आहेत. आपलं पाणी पडतं शहापूर, मोखाडा, इगतपुरीच्या बाजूला. आपल्या गॅलरीत पडलेला पाऊस आपल्या नळाला येत नाही. पावसाळ्यातल्या बातम्यांत "तलावक्षेत्रात" हा शब्द वेगळा का येतो, ते मला वयाच्या तिशीत कळलं. सांगायला लाज वाटते.

(दृश्य: 6 जून. बंदर. निशाण फडफडतंय.)

काल रात्री मी मुद्दाम अकरा वाजता आले होते. निशाण पडलेलं नव्हतं. टोक जमिनीकडे. पहाटे पाचला पुन्हा आले, तरी जमिनीकडेच. मतलई सुटलाच नव्हता. समुद्राचा रंगही बदललाय, हिरवटपणा जाऊन गढूळ झालाय. बांधलेली छोटी होडी दोराला हिसके देतेय. जाळं तुणत बसलेल्या काकांना विचारलं, "काका, लागला का पाऊस?" त्यांनी वर पाहिलंच नाही. सुतळी दातात धरून म्हणाले, "वारा ठाण मांडून बसलाय. पाऊस त्याचा त्याचा येईल."

सरकारी भाषेत मुंबईत मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. 2020 पर्यंत ती 10 जून धरत. हवामान विभागानं मग सुधारून एक दिवसानं पुढे नेली. सर्वसाधारण, म्हणजे अनेक वर्षांची मिळून. एकेक वर्ष बघा. 2021 मध्ये तो 9 जूनला आला. 2022 मध्ये बरोबर 11 जूनला, अगदी कचेरीत वेळेवर येणाऱ्या माणसासारखा. 2023 मध्ये 6 जूनलाच अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ उठलं, गुजरातकडे गेलं, आणि आमच्याकडे पाऊस पोचला तो 25 जूनला. त्याच दिवशी तो दिल्लीतही पोचला होता. दोन्ही शहरांत एकाच दिवशी, हे त्याआधी घडलं होतं 21 जून 1961 ला. 2024 मध्ये पुन्हा 9 जून. आणि 2025 मध्ये 26 मे. केरळात 24 तारखेला आणि मुंबईत 26 ला. इतक्या लवकर तो 1950 पासूनच्या नोंदींत कधी आला नव्हता. त्या मेमध्ये कुलाब्यानं 1918 पासूनचा आपला मे महिन्याच्या पावसाचा विक्रम मोडला.

त्या वर्षी माझी फिल्म बुडाली, असं मला वाटलं. पण मेच्या अखेरीस मान्सून थबकला, जूनचा पहिला आठवडा पुन्हा उकाड्याचा, आणि शाकारलेल्या होड्यांवर कडक ऊन. पाहुणा बॅगा ठेवून बाहेर निघून जावा तसं. छत्र्या विकत घेतलेली माणसं त्याच छत्र्या उन्हासाठी उघडून चालत होती. हे बघा, हे तेच.

(दृश्य: 7 जून. स्वयंपाकघर. भिंतीवरचं कॅलेंडर.)

रोहिणी संपत आली. आज-उद्या सूर्य मृग नक्षत्रात जाईल. 7 किंवा 8 जून, यापलीकडे ही तारीख सहसा हलत नाही, म्हणून शेतकऱ्याच्या तोंडी मृगाला घड्याळासारखा मान. कॅलेंडरवर बारीक अक्षरात नक्षत्राचं वाहन छापलेलं असतं: बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर पाऊस भरपूर, उंदीर, गाढव आलं की आई तोंड वाकडं करते. माझा या वाहनांवर विश्वास नाही. पण दरवर्षी 7 तारखेला मी ते वाचते आणि बेडूक असला की मला बरं वाटतं, हे खरं आहे. गावाकडे आता लाल मखमली मृगाचे किडे ओल्या मातीवर दिसायला लागतील. वेसाव्यात मी अजून एकही पाहिला नाही. सहा वर्षं शोधतेय.

(दृश्य: रात्र. गॅलरी. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो.)

साडेतीन वाजलेत. वळीव या वेळेला येत नाही. त्याची वेळ दुपार टळल्यानंतरची, जमीन तापून झाल्यावरची. मान्सूनचे ढग समुद्रावर रात्री भरतात आणि बऱ्याचदा पहाटेच किनाऱ्यावर येतात. वीज नाही. गडगडाट नाही. मावशीचा फोन नाही. आवाज आधी खाडीपलीकडच्या मढच्या बाजूनं आला. ताडपत्र्यांवरून, एका होडीवरून दुसरीवर, जवळ, अजून जवळ.

(इथे निवेदन थांबतं. एक मिनिट पाऊस.)

आई उठली. दिवा लावला नाही. गॅलरीतल्या दोरीवरच्या चादरी आत ओढल्या, समुद्राकडचं दार लावून घेतलं, खाली फटीशी गोणपाट सरकवलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि पूर्वेची खिडकी, कुरडया भिजल्यापासून रोज दुपारी घट्ट लावून घेत होती ती, सताड उघडली.